सहा खोल्यांच्या अँप्लिफायरची पाठ

तीर्थरूप मामा,

तुमच्या भाच्याचा लांबूनच नमस्कार. (जवळ असतो तर पाया पडायला वाकल्यावर तुम्ही नेहमीची टपली मारली असती. लांब असण्याचा तेवढा एक फायदा.) तुमचे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत औषध घालता का, की बाटली रेडिओवर ठेवून ‘घातलं’ म्हणून सांगता? मामीचा खोकला गेला का? ती खोकली की तुम्ही अजून ‘माईक जरा लांब धर’ म्हणता का? मी इथे खाऊनपिऊन ठीक आहे. वजन वाढलेलं नाही, अक्कलही वाढलेली नाही, त्यामुळे समोर आलो तर ओळखू येईन.

तुमचा निरोप मिळाला. गादीवाला दुकानाची जागा मागतोय, महिनाअखेरीला त्याला जबाब द्यायचाय, तू येऊन दुकान चालवणार असशील तर ‘हो’, नसशील तर ‘नाही’, एका शब्दात कळव, आणि माझी दया येऊन येणार असशील तर मुळीच येऊ नकोस. एवढा सगळा निरोप, आणि मला मात्र एकच शब्द! फोन केला असता, पण फोनवर तुम्ही ‘आवाज फाटतोय’ म्हणून ठेवून देता. (मामा, तो फोन फाटत नसतो, माझा आवाजच तसा आहे.) म्हणून पत्र लिहायला बसलो. पण एका शब्दासाठी आख्खं पाकीट धाडायचं माझ्या जिवावर आलं. तेव्हा आधी थोडं इकडचं ऐका. तुमचा शब्द शेवटी मिळेल, आणि मिळाल्यावर रागवायचं नाही.

तर सध्या माझा मुक्काम आवाजाच्या धंद्यात आहे. मधे मी टायरवाल्याकडे होतो, मग लिफ्टवाल्याकडे, मग एका बाईंच्या फुलांच्या दुकानात गाडीवर. (फुलं लवकर सुकतात असं बाईंचं म्हणणं होतं, आणि त्याआधी मी सुकतो असं माझं.) पायाला भिंगरी लागलेलं पोर म्हणून तुम्हीच माझं नाव भिंगरी ठेवलंत, आता नावाला जागायला नको का? पण इथे मात्र बरेच दिवस टिकलोय, कारण इथले मालक घरोघर गाण्याची यंत्रं बसवतात, आणि मुलाखतीला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, शिक्षण काय? मी म्हटलं, शाळा सातवीतच कंटाळली मला, पण मामांबरोबर लाउडस्पीकरचे कर्णे बांधलेत. मालक म्हणाले, कुठे? मी म्हटलं, झाडावर, खांबावर, बैलगाडीवर, आणि एकदा सर्कशीच्या तंबूवर. ते इतके हसले की मला ठेवूनच घेतलं.

आता हे यंत्र काय असतं ते सांगतो. तुमच्या डोळ्यांसमोर आपला जुना अँप्लिफायर येईल, ट्रंकेएवढा, पुढे एक मोठं बटण, ते फिरवलं की आधी घुं करणार, मग तापणार, मग बोलणार. (सकाळी उठल्यावर तुमचंही तसंच.) हे तसं नाही. पुढून बघाल तर म्हणाल, यात आहे काय? काळा सपाट पत्रा, एक बटण, सहा बारके दिवे. नव्या सुनेसारखं खाली मान घालून बसलेलं. सगळा कारभार पाठीमागे. पाठ बघितली की छातीत धडधडतं, मामा. घरातल्या सहा खोल्यांचे सहा वाडे केलेले, प्रत्येक वाड्याला लाल-काळ्या स्क्रूंच्या जोड्या, तिथे त्या खोलीतल्या स्पीकरच्या तारा. वर प्रत्येकाची गाणं आत घ्यायची भोकं, एक लाल एक पांढरं. शिवाय एका कोपऱ्यात सामाईक भोकं, तिथे गाणं सोडलं की सहाही खोल्यांत जातं. कुणी सामाईक ऐकायचं आणि कुणी स्वतःचं, ते ठरवायला प्रत्येकाला एक बारकी कळ. आणि सगळ्यांत मजेची म्हणजे प्रत्येक खोलीची एक खुंटी. बोटानं फिरत नाही, स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवायची. ती जिथे ठेवाल त्याच्या वर त्या खोलीचा आवाज जाणार नाही, मग खोलीतला माणूस आपल्याकडचं बटण कितीही पिळो. म्हणजे एकत्र कुटुंबच हो. स्वयंपाक सामाईक, हवी तर चूल वेगळी, आणि कुणी किती बोलायचं ते कुणीतरी मागून ठरवून ठेवलेलं.

आपल्या अँप्लिफायरला मागे दोनच स्क्रू होते. तरी मी तारा उलट्या लावायचो, म्हणून तुम्ही मामीच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा एकाला आणि काळा दुसऱ्याला गुंडाळला होता, आणि मामी आठवडाभर काळा दोरा शोधत होती. त्या दुकानाचा वास मला इथे अधूनमधून येतो. सोल्डरिंगचा धूर, गरम झालेली धूळ, आणि तुमचा चहा, जो तुम्ही कायम एखाद्या उघड्या रेडिओत विसरायचात. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, माझा रेडिओ झाला का? तुम्ही म्हणायचात, झाला, फक्त आतला कप काढायचाय. दुपारी शटर अर्धं खाली ओढून तुम्ही एखाद्या कर्ण्यात डोकं घालून झोपायचात, आणि घोरणं रस्त्याच्या पलीकडे सायकलवाल्याला ऐकू जायचं. तो तिथूनच ओरडायचा, मामा, आवाज कमी करा. तुम्हाला ते आवडायचं. तुम्ही म्हणायचात, बघ, वीज नाही, तार नाही, तरी कसा पोचतो.

आणि तुमची ती चाचणी! गावात बाकीचे सगळे माईक हातात घेऊन ‘हॅलो, एक, दोन, तीन’ करायचे. तुम्हाला त्याची चीड. आकड्यांना चढउतार नसतो, आवाज कुठे फाटतो ते आकड्यांत कळत नाही, माईकमध्ये नेहमी खरं ते बोलावं, खरं बोलताना माणसाचा आवाज आपोआप वरखाली होतो, असं तुमचं शास्त्र. आणि दुसरा नियम, कर्ण्यातून ऐकू येईपर्यंत बोलायचं थांबायचं नाही. म्हणून तर मैदानावर शर्यतीच्या आधी तुम्ही सगळ्या गावाला सांगितलं होतं, की आज सकाळी माझं आणि बायकोचं भांडण झालं, चूक तिची होती, पण जेवण तिच्या हातात असल्यामुळे मी माफी मागितली. तेवढ्यात कर्णा चालू झाला होता हे तुम्हाला ‘चूक तिची होती’च्या वेळीच कळलं होतं, तरी तुम्ही पुढे बोललात. मामी मैदानाच्या पार कडेला बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला होता, पण खांदे हलत होते, मी बघितलंय.

तर त्या तुमच्या शास्त्रानं मला इथे गोत्यात आणलं. आता ऐका.

एका घरात यंत्र बसवायचं काम निघालं. घरात माणसं तीन. साहेब, बाई आणि साहेबांच्या आई, त्यांना मी आजी म्हणतो. माणसं तीन आणि जागा सहा. बैठक, स्वयंपाकघर, साहेबांची अभ्यासाची खोली, बाईंची व्यायामाची खोली, आजींची खोली आणि वर गच्ची. प्रत्येकजण आपापल्या खोलीत, दार लावून. जेवायला बोलावायचं तर बाई फोन करायच्या, खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर! म्हणून त्यांनी यंत्राला माईक जोडून मागितला होता. यंत्राच्या पाठीवर त्यासाठी वेगळं भोक असतं. त्यात माईक घातला आणि तोंड उघडलं की सगळी गाणी आपोआप गप्प होतात आणि बोलणाऱ्याची हाक तेवढी ऐकू येते. कुठल्या खोलीत हाक जाऊ द्यायची त्याच्याही सहा कळा. यंत्र बसवलं जिन्याखालच्या कपाटवजा खोलीत. तिथे ना खिडकी, ना वारा, ना स्पीकर. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, मी नव्हतं ठेवलं.

काम चालू असताना एक दिवस साहेब जिन्याखाली वाकून आले. इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, काय रे, ती मागची खुंटी बाहेरून दिसत नाही ना? मी म्हटलं, नाही. म्हणाले, मग हिच्या व्यायामाच्या खोलीची जरा खालीच ठेव, भिंती हलतात. मी मान डोलावली. चहाच्या वेळेला बाई आल्या. त्याही वाकून. म्हणाल्या, यांच्या खोलीतल्या बातम्यांनी माझं डोकं उठतं, यांची खुंटी जरा खाली ठेवशील का, आणि यांना सांगू नकोस. मी पुन्हा मान डोलावली. आता माझ्या मानेला काय, ती कुणासमोरही डोलते. आजींनी मात्र खोलीत बोलावून सरळ सांगितलं, मला गाणं नको, बातम्या नकोत, फक्त कुणी कुणाला हाक मारली की मला ऐकू आलं पाहिजे. बास.

तारा जोडून झाल्या. मालकांनी बजावलं होतं, हाकेच्या सहाही कळा वर ठेव, घरचे आज बाहेर जाणार आहेत, ते गेल्यावर बोलून बघ. मी बाहेर गाडीचं दार वाजलेलं ऐकलं, म्हटलं गेले. (गेलं कुणीच नव्हतं. पाहुणे आले होते, ते गच्चीवर जाऊन बसले होते.) पंख्याचा आवाज घरात जाऊ नये म्हणून त्या खोलीचं दार जाड केलंय. ते मी लावून घेतलं, टॉर्च दातात धरला, यंत्राच्या पाठीमागे डोकं घातलं, माईक जोडला, टॉर्च काढला आणि बोललो. काही नाही. अहो, येणार कुठून? त्या खोलीत स्पीकरच नाही! पण आयुष्यभर आपण कर्ण्याच्या खालीच उभे, आपलं बोलणं आपल्याच डोक्यावर पडायचं, तेव्हा मला वाटलं, यंत्र मुकं आहे. आणि तुमचा नियम, ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही. मग मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन एकेक खुंटी वर चढवत गेलो आणि खरं ते बोलत गेलो.

काय काय बोललो म्हणता? सुरुवात अशी, की मामा, हे यंत्र काही बोलत नाही, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं आहे. मग म्हटलं, या घरात एक गंमत आहे, साहेब म्हणतात बाईंची खुंटी खाली ठेव, बाई म्हणतात साहेबांची खाली ठेव, दोघांचंही ऐकलं तर सगळ्या घरात आजींचाच आवाज राहील, आणि मला वाटतं तेच बरं. मग म्हटलं, बाईंनी गच्चीवरचा स्पीकर तीन ठिकाणी हलवायला लावला, कारण तो म्हणे त्यांच्याकडे रोखून बघतो. मग मालकांविषयी थोडं, ते तारांची वेणी सुंदर घालतात, स्वतःच्या डोक्यावर केस नाहीत त्याची हौस तारांवर भागवतात. एव्हाना सगळ्या खुंट्या शेवटपर्यंत चढल्या होत्या. मग मी तुमचा निरोप काढला, दुकानाचा आणि गादीवाल्याचा, आणि त्यावर बराच वेळ बोललो. ते काय ते आता नीटसं आठवत नाही.

तेवढ्यात दार उघडलं. दारात आजी, काठी टेकत. मला म्हणाल्या, माझ्या खोलीतलं कपाट थरथरतंय, आवाज जरा कमी कर, पण थांबू नकोस, त्या गादीवाल्याचं पुढे काय झालं? मी विचारलं, आजी, ऐकू येतंय? म्हणाल्या, शेजारच्यांनाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. साहेब आणि बाई जिन्याच्या दोन टोकांवर उभे. दोघंही माझ्याकडे बघेनात आणि एकमेकांकडेही बघेनात. मागे पाहुणे कप हातात धरून, अशा चेहऱ्यानं, जसं फुकट नाटक बघायला मिळालंय आणि तिकीट मागायला कुणी येणार तर नाही ना. शेवटी बाई म्हणाल्या, भिंती हलतात काय? साहेब म्हणाले, डोकं उठतं काय? आणि मधून आजी म्हणाल्या, माझ्या खोलीची खुंटी कुणी खाली करायला सांगितली नाही ना? दोघं एकदम ‘नाही’ म्हणाले, आणि मग बाईंना हसू फुटलं. त्या हसल्यावर पाहुणे हसले, पाहुणे हसल्यावर साहेबांना हसावंच लागलं. मालक आले तोवर सगळं निवळलं होतं, तरी त्यांनी मला जिन्याखाली बसवून सगळ्या खुंट्या एका रेषेत आणायला लावल्या आणि स्वतःच्या टकलावरून हात फिरवत म्हणाले, वेणी सुंदर असते ना माझी? मग या तारांचीही घाल. (घातली. माझी वाकडी आली.)

आता त्या घरात संध्याकाळी बाई माईकवर हाक मारतात, जेवायला चला. आणि आजी खोलीतून निघायच्या आधी एकदा ती हाक पूर्ण ऐकून घेतात म्हणे. पाहुण्यांपैकी दोघांनी तसलंच यंत्र मागितलं, फक्त अट घातली की चाचणीला हा मुलगा नको. मालक म्हणाले, तुझ्यामुळे कामं आली आणि तुझ्यामुळेच अट आली, तुला काय करावं ते कळत नाही, तेव्हा पुढच्या कामाचा प्रमुख तूच. म्हणजे इथे माझं बस्तान बसल्यासारखं आहे, मामा. माझ्या हाताखाली एक शिडी आणि दोन माणसं आहेत.

तेव्हा आता तुमचा शब्द. ‘नाही’. मी येत नाही. कर्णे आता कोण भाड्यानं नेतो? ज्याच्या त्याच्या खिशात आवाज आलाय. दुकान गादीवाल्याला द्या, निदान तिथे कुणीतरी अंग टाकेल. तुम्ही आता आराम करा, औषध डोळ्यांत घाला, बाटली रेडिओवरून खाली काढा. माझी काळजी करू नका.

तुमचा लांबचा (म्हणजे अंतरानं लांबचा, नात्यानं नाही) भाचा,
भिंगरी

ता. क. गादीवाल्याला आपल्या जुन्या अँप्लिफायरवर गाद्या रचू देऊ नका. त्याला गरम व्हायला मोकळी जागा लागते.

ता. क. दुसरा. मामी, मामांचे डोळे असे अधू, म्हणजे हे पत्र तूच वाचून दाखवत असणार. आता थांब. मामांना सांग, खाली सगळ्यांना नमस्कार लिहिलाय, आणि इथून पुढे मनात वाच. पुटपुटूही नकोस. लांबून माईकवर कोण काय बोलतंय ते बारीकशा खरखरीवरून ओळखण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय.

त्या दिवशी सगळं शांत झाल्यावर आजी मला म्हणाल्या, मग निघतोस कधी? मी म्हटलं, कुठे? म्हणाल्या, मघाशी सांगितलंस ना, मला घरी जायचंय, जन्मात कुठे मन लागलं असेल तर त्या दुकानात लागलं, तिथून पळालो ती चूक नव्हती पण परत गेलो नाही तर ती होईल. मी म्हटलं, आजी, असं मी बोललोच नाही. त्यांनी जिन्यावरून वर हाक मारली, अगं, म्हणाला ना हा? बाई म्हणाल्या, म्हणाला, गच्चीवर स्पष्ट ऐकू आलं. साहेबांनी अभ्यासाच्या खोलीतून सांगितलं, दोनदा म्हणाला. मामी, त्या तिघांचं एकमत झालेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मग मी काय करणार?

पण मी ‘हो’ कळवलं तर मामा म्हणतील, माझे डोळे गेले म्हणून आला, दया आली, जा परत. आणि खरंच परत पाठवतील, तू ओळखतेस त्यांना. म्हणून वरचा ‘नाही’. मी निघतोय हे मालकांना सांगितलंय. त्यांच्याकडे एक असंच सहा खोल्यांचं यंत्र पडून होतं. पाच खोल्या बोलतात, सहावी मुकी. भंगारात जाणार होतं, मी मागून घेतलं. दोष काय आहे ते मला सापडत नाही. (हे खोटं नाही, मामी, खरंच सापडत नाही, चार वेळा पाठ उघडून बघितली.) ते घेऊन मी येतोय. मामांना म्हणणार, एवढं दुरुस्त करून द्या, लगेच परत जातो. ते दिसत नाही म्हणतील. मी म्हणेन, तुम्ही हात लावून सांगा, मी बघून सांगतो. एकदा त्यांनी ती पाठ उघडली की आत इतक्या तारा आहेत की वर्षभर ते मला सोडत नाहीत, आणि तोवर यापुढे घराघरांत कर्णे कसे लावायचे यावर आमची चार भांडणं होऊन जातील.

तुझं काम एवढंच. मी पोचेपर्यंत गादीवाला आला की त्याला चहा दे, दुकानाची मापं पुन्हा घ्यायला लाव, गाद्यांचे भाव विचार, पण मामांना सही करू देऊ नकोस. कसं ते मी तुला शिकवायला नको.

आणि मी दारात आलेलो दिसल्यावर तू मधे पडू नकोस. मामा उंबऱ्यातच अडवतील, कशाला आलास म्हणून. मी यंत्राची एक बाजू सरळ त्यांच्या हातात देईन. जड आहे, एकट्याला उचलत नाही. एक बाजू त्यांनी धरली आणि एक मी, की दोघांनाही आत यावंच लागेल.